कोरी पाटी कुणाला हवी आहे?

सुपरहिरो कॉमिक्सवरचा एक आक्षेप आता इतका रुळला आहे की तो घेणाऱ्याला पुरावा द्यायची गरजही वाटत नाही. आक्षेप असा : सुपरमॅन, स्पायडरमॅन, एक्स-मेन यांच्या कथा साठ-साठ, ऐंशी-ऐंशी वर्षं चालू आहेत. त्यांत इतकं काही घडून गेलं आहे की नव्या वाचकाला पाय ठेवायला जागा नाही. आणि जो जुना वाचक हे सगळं लक्षात ठेवतो, तो कथेचा रसिक राहत नाही, नोंदींचा कारकून होतो. म्हणून दर दहा-पंधरा वर्षांनी मागचं सगळं पुसावं आणि पहिल्यापासून सुरुवात करावी. हैदराबादेत सुपरहिरोंचे सिनेमे बनू लागल्यापासून हा युक्तिवाद इथल्या मराठी घरांतल्या गप्पांतही ऐकू येतो. तो करणारी माणसं बहुधा चांगली वाचणारी असतात, म्हणूनच त्यांना सविस्तर उत्तर देणं मला आवश्यक वाटतं. या कथांमध्ये साठत गेलेला भूतकाळ, ज्याला वाचक कंटिन्यूइटी म्हणतात, तोच या कथांचा गाभा आहे. तो काढून घेतला तर हातात फक्त रंगीत पोशाख उरतो.

'सुरुवात कुठून करायची?' हा प्रश्न आधी घेऊ. मराठी वाचकाने हा प्रश्न विचारावा याचं मला खरोखर नवल वाटतं. मार्च १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाच्या बेनेट कोलमन कंपनीने इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं आणि ते १९९० पर्यंत चाललं. ली फॉकचा फँटम त्यातून मराठीत 'वेताळ' होऊन आला. फॉकने ही चित्रमालिका अमेरिकन वर्तमानपत्रांत १७ फेब्रुवारी १९३६ रोजी सुरू केली होती. म्हणजे इंद्रजालचा पहिला अंक निघाला तेव्हाच वेताळामागे अठ्ठावीस वर्षांचं कथानक उभं होतं, आणि इंद्रजालने ते क्रमाने छापलंही नाही. आज जुनी गोष्ट, पुढच्या खेपेला नवी, मग पुन्हा जुनी. मग आपलं कुठे अडलं? आपल्याला कळत गेलं की हा वेताळ एकविसावा आहे. १५३६ मध्ये चाच्यांच्या हल्ल्यातून वाचलेल्या एका तरुणाने बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून शपथ घेतली, तो पहिला. तेव्हापासून मुलगा बापाचा मुखवटा चढवत आला म्हणून जंगलाला वाटतं की हा मरतच नाही. कवटीच्या गुहेत प्रत्येक वेताळाने स्वतःच्या हाताने लिहिलेल्या बखरींची रांग आहे. हे सगळं एका अंकात कुणी समजावून सांगितलं नाही. ते तुकड्यातुकड्यांनी मिळालं आणि प्रत्येक तुकड्यासरशी आधी वाचलेली गोष्ट थोडी मोठी झाली.

त्या बखरींकडे टीकाकारांनी नीट पाहावं अशी माझी विनंती आहे. फॉकच्या कितीतरी कथांत एकविसावा वेताळ जाड ग्रंथ उघडतो आणि आपल्या एखाद्या पूर्वजाने काय केलं ते वाचतो. इथे नायक स्वतःच आधीच्या भागांचा वाचक आहे. मागचं माहीत असणं हेच त्याचं बळ आहे. डायना पामर ही १९३६ च्या पहिल्याच कथेत भेटते आणि तिचं वेताळाशी लग्न लागतं १९७७ च्या अखेरीस. त्या लग्नाला जादूगार मँड्रेक आणि लोथार हजर असतात. फॉकच्याच दुसऱ्या, वेताळाहूनही जुन्या मालिकेतली ही माणसं मांडवात पाहून वाचकाला जो आनंद झाला असेल, त्याला कारकुनी म्हणायचं असेल तर चाळीस वर्षं न भेटलेला मामा लग्नात भेटल्याच्या आनंदालाही कारकुनी म्हणावं लागेल.

हैदराबादच्या वाचकाला तर क्रमाने काही मिळण्याची सवयच नव्हती. आबिड्सला रविवारी दुकानं बंद असतात आणि फुटपाथभर जुनी पुस्तकं मांडलेली असतात. तिथल्या ढिगाऱ्यातून जे कॉमिक्स हाती यायचं ते कुठल्यातरी मोठ्या कथेच्या मधला भाग असायचं. मुखपृष्ठ गेलेलं, शेवटचं पान फाटलेलं, आधीचा अंक कुणाच्या कपाटात ते देवाला ठाऊक. मार्व्हल कंपनीच्या अंकांत चौकटीच्या खाली संपादकाची बारीक टीप असे, की ही हकिकत अमुक मालिकेच्या तमुक अंकात घडली. ती टीप वाचताना आपल्याला बाहेर काढलं जातंय असं मला कधी वाटलं नाही. या घराला आणखी खोल्या आहेत आणि त्या कधीतरी पाहायला मिळतील, असं वाटायचं. मार्व्हलच्या लेखकांना शिकवणही तशीच होती, की प्रत्येक अंक कुणाच्यातरी हातात पडलेला पहिला अंक असतो हे धरून लिहा. सुरुवात मधूनच होते. आपल्यातल्या किती जणांनी महाभारत आदिपर्वापासून वाचायला घेतलं होतं?

महाभारताचं नाव मी तोंडी लावायला घेतलेलं नाही. १९६७ मध्ये इरावती कर्व्यांचं 'युगान्त' आलं आणि त्याच वर्षी शिवाजी सावंतांचं 'मृत्युंजय'. कर्ण कोण, कुंतीने काय लपवलं, द्रौपदीला सभेत कुणी ओढत आणलं, हे ज्याला माहीत नाही त्याला ही पुस्तकं निम्मीच कळतील. त्याबद्दल कुणी मराठी समीक्षकाने सावंतांना दोष दिल्याचं माझ्या ऐकिवात नाही. उलट वाचकाला आधीपासून माहीत असलेल्या गोष्टीत नवं काय दिसलं, यावरच या पुस्तकांचं मोल ठरलं. तेलुगू माणसाचा लाडका 'मायाबाजार' घ्या. २७ मार्च १९५७ ला प्रदर्शित झालेल्या के. व्ही. रेड्डींच्या या चित्रपटाची गोष्ट महाभारतातली, पण त्यात पांडव एकदाही पडद्यावर येत नाहीत. अभिमन्यू आणि बलरामाची मुलगी शशिरेखा यांच्या प्रेमाची ती कथा व्यासांच्या संहितेत नाहीच. ती लोकपरंपरेने नंतर जोडली. मराठीत तीच मुलगी वत्सला किंवा सुरेखा होते, आणि बाबूराव पेंटरांनी १९२१ मध्येच 'सुरेखाहरण' काढला होता. मूळ कथेत नसलेलं प्रकरण कुणीतरी रचतो, ते मागच्या-पुढच्याशी बेमालूम जुळवतो आणि पिढ्यानपिढ्या ते खरं धरून पुढची भर घालतात. सुपरहिरो कॉमिक्सचा वाचक ज्यात रमतो, ती हीच क्रिया आहे.

इथे एक प्रामाणिक प्रत्युत्तर येईल : महाभारत कुणाच्या मालकीचं नाही, स्पायडरमॅन कंपनीच्या मालकीचा आहे. हे खरं आहे आणि त्यातला अन्याय मला पुसायचा नाही. जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी १९३८ मध्ये सुपरमॅनचे हक्क १३० डॉलरना विकले आणि उत्तरायुष्यातली कितीतरी वर्षं ते दारिद्र्यात राहिले. मार्व्हलचं निम्मं विश्व कागदावर आणणाऱ्या जॅक कर्बीला स्वतःची मूळ चित्रं परत मिळवण्यासाठी म्हातारपणी भांडावं लागलं. पण मालकी आणि आठवण या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या वेगवेगळ्या दिशेला ओढतात. ते पुढे दाखवतो.

या कथांविरुद्धचा सगळ्यात भारदस्त युक्तिवाद उंबेर्तो एको यांनी १९६२ मध्ये केला. सुपरमॅनवरच्या निबंधात त्यांनी दाखवलं की कथेत काळ पुढे सरकला तर नायक झिजतो, म्हातारा होतो, मरणाकडे जातो. म्हणून सुपरमॅनच्या प्रत्येक गोष्टीत काळ जणू विरघळवला जातो आणि आधी काय झालं होतं याचा पत्ताच नसल्यासारखी नवी गोष्ट सुरू होते. तेव्हाच्या सुपरमॅनपुरतं हे निरीक्षण अचूक होतं. अशा कथेत वाईट काही नाही. आमच्या हैदराबादच्या ग्रीन गोल्ड स्टुडिओचा 'छोटा भीम' २००८ पासून ढोलकपुरात लाडू खातो आहे आणि तो मोठा होत नाही, हे लहान मुलांना हवंच असतं. पण ज्या वर्षी एकोंचा निबंध आला त्याच वर्षी स्पायडरमॅन जन्मला, आणि त्याने ते प्रमेय मोडलं. १९६५ मध्ये स्पायडरमॅन, म्हणजे पीटर पार्कर, शाळा संपवून कॉलेजात गेला. जून १९७३ च्या अंकात त्याची प्रेयसी ग्वेन स्टेसी मेली. पुलावरून खाली पडणाऱ्या ग्वेनला त्याने आपल्या जाळ्याने अधांतरी पकडलं आणि त्या झटक्यानेच बहुधा तिची मान मोडली. चित्रात मानेजवळ एक बारीकसा आवाज लिहिलेला आहे. पुढे ज्या ज्या वेळी पीटर कुणाला पडताना झेलतो, त्या वेळी तो अंक वाचलेल्या माणसाचा जीव वेगळ्या कारणाने मुठीत असतो. एकाच अंकात संपणाऱ्या गोष्टीला हे साधत नाही.

मॅग्नेटोचं उदाहरण याहून मोठं आहे. सप्टेंबर १९६३ च्या 'एक्स-मेन'च्या पहिल्या अंकात तो एक साधा, तारस्वरात बोलणारा खलनायक होता. जग जिंकायचं, इतकंच त्याचं ध्येय. ख्रिस क्लेअरमाँटने १९७५ मध्ये ही मालिका हातात घेतली आणि सलग सोळा वर्षं लिहिली. १९८१ मध्ये १५० व्या अंकात मॅग्नेटो किटी प्राइड या पोरसवदा मुलीवर वार करतो, ती निपचित पडलेली पाहतो आणि हादरतो. मग कळतं की तो आउशवित्झच्या छळछावणीतून वाचलेला मुलगा आहे. क्लेअरमाँटने आधीचं एक पानही रद्द केलं नाही. १९६३ चा तो अंक आज उघडला तर त्यातलं एक अक्षर बदललेलं दिसणार नाही, पण तोच आक्रस्ताळा माणूस आता निराळा दिसतो. माणसांना वर्गवारी लावून मारताना ज्याने लहानपणी पाहिलं, त्याला एक्स-मेनची सह-अस्तित्वाची भाषा का पटत नाही हे आपल्याला समजतं. कादंबरीकार आपल्या हस्तलिखितात मागे जाऊन दुरुस्ती करू शकतो. इथे मागचं छापून, विकून, वाचून झालेलं असतं. जे आहे ते मान्य करून त्याचा अर्थ बदलायचा, ही या लेखकांची खरी कारागिरी आहे, आणि तिचा आस्वाद घ्यायला आठवण लागते.

आता मृत्यूचा मुद्दा. 'यांच्यात कुणी मरतच नाही, सगळे परत येतात, मग कशाला मन गुंतवायचं?' काही पुनरागमनं निव्वळ आळशीपणाची आहेत, त्यांचा बचाव मी करणार नाही. पण वॉली वेस्टची गोष्ट ऐका. १९५९ च्या अखेरीस तो 'द फ्लॅश'च्या ११० व्या अंकात आला, फ्लॅश असलेल्या बॅरी ॲलनच्या प्रेयसीचा भाचा म्हणून. बॅरीसारखाच अपघात होऊन त्यालाही वेग मिळाला. १९८५ मध्ये, मार्व्ह वुल्फमन आणि जॉर्ज पेरेझ यांच्या 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स'च्या आठव्या अंकात बॅरी जग वाचवताना मेला. वॉलीने त्याचा लाल पोशाख अंगावर चढवला. मुलगा बापाच्या जागी उभा राहावा तसा, पण भीत भीत. १९९३ मध्ये मार्क वेडने एक कथा लिहिली, तिच्यात बॅरी जिवंत परत येतो. तो तोतया निघतो. पण ते कळेपर्यंत वॉलीला जाणवतं की आपण इतकी वर्षं पूर्ण वेगाने धावलोच नाही, कारण बॅरीपेक्षा पुढे जाणं म्हणजे त्याची जागा कायमची घेणं होतं. मृत्यू खरा होता म्हणूनच ही कथा उभी राहिली. आठ वर्षं तो मृत्यू वॉलीने सोसला होता, तसाच वाचकानेही.

आणि मग सप्टेंबर २०११ मध्ये फ्लॅश छापणाऱ्या डीसी कंपनीने टीकाकार सांगतात तोच उपाय केला. पाटी कोरी केली. ५२ मालिका, सगळ्यांचे पहिले अंक, नव्या वाचकांना आमंत्रण. त्यात आपल्या ओळखीचा वॉली, त्याची बायको लिंडा, त्याची मुलं, सगळं नाहीसं झालं. सुरुवातीला खप वाढला, मग ओसरला. पाच वर्षांनी, मे २०१६ मध्ये, त्याच कंपनीने जेफ जॉन्सकडून 'रिबर्थ' लिहून घेतलं. त्यात वॉली काळाच्या बाहेर अडकलेला आहे आणि कुणी ओळखलं तरच तो परत येऊ शकतो. तो लिंडापुढे उभा राहतो. ती त्याला ओळखत नाही. शेवटी तो निदान निरोप घ्यावा म्हणून बॅरीकडे जातो, आभार मानतो, विरून जाऊ लागतो. आणि अगदी शेवटच्या क्षणी बॅरीला त्याचं नाव आठवतं. तो हात घालून त्याला खेचून घेतो. ज्याने आधीचं काही वाचलं नाही त्यालाही या पानावर कळतं की काहीतरी मोलाचं परत आलं. ज्याने वाचलं आहे, त्याला हेही कळतं की कंपनीने जे पुसलं होतं ते वाचकांनी जपून ठेवलं होतं, आणि बॅरीच्या जागी आपणच आहोत.

म्हणून दुकानदारीच्या आरोपाचं तोंड चुकीच्या दिशेला आहे असं मी म्हणतो. कंटिन्यूइटी ही गिऱ्हाईक बांधून ठेवायची युक्ती, असं सांगितलं जातं. दरवर्षी येणाऱ्या आणि दहा मालिका विकत घ्यायला लावणाऱ्या महाकथांपुरता हा राग रास्त आहे. पण दुकानाला खरा नफा दिसतो तो कोऱ्या पाटीत, मुखपृष्ठावरच्या 'पहिला अंक' या शब्दांत. १९९१ मध्ये मार्व्हलने 'एक्स-मेन' नव्याने पहिल्या अंकापासून काढलं, पाच वेगवेगळी मुखपृष्ठं लावली आणि ८० लाखांवर प्रती दुकानदारांना विकल्या. तिसऱ्या अंकानंतर क्लेअरमाँट मालिका सोडून गेला. सोळा वर्षांची आठवण दाराबाहेर पडली आणि आत विक्रमी खप चालू होता. डिसेंबर १९९६ मध्ये त्याच कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. २००७ मध्ये पीटर पार्करचं वीस वर्षांचं लग्न एका सैतानी सौद्यात पुसलं गेलं, कारण संसारी नायक म्हातारा वाटतो असं संपादकांना वाटलं. ते लग्न अजूनही वाचक विसरलेले नाहीत. पाटी पुसायची घाई मालकाला असते. वाचकाने ती मागितलेली मी पाहिलेली नाही.

हैदराबादच्या निर्मात्यांनाही म्हणूनच एक गोष्ट सांगावीशी वाटते. १२ जानेवारी २०२४ ला प्रशांत वर्मांचा 'हनु-मान' आला आणि त्यासोबत एका अख्ख्या सिनेमॅटिक युनिव्हर्सची घोषणा. २७ जूनला नाग अश्विनचा 'कल्की २८९८ एडी' आला. मला दोन्हींबद्दल आपुलकी आहे. 'कल्की'च्या शेवटी नायक भैरव म्हणजे कर्ण हे उघड होतं, तेव्हा अंगावर येणारा काटा त्या पटकथेने एकटीने कमावलेला नाही. कर्णाची सगळी हकिकत प्रेक्षक घरून घेऊन आलेला असतो. ती पुण्याई महाभारताची. तुमच्या स्वतःच्या विश्वाची पुण्याई अशी जाहीर करून मिळत नाही. मार्व्हलने १९६१ मध्ये 'फँटॅस्टिक फोर' काढलं तेव्हा युनिव्हर्सचा आराखडा नव्हता. १९६३ मध्ये स्पायडरमॅनला स्वतःची मालिका मिळाली, तिच्या पहिल्याच अंकात तो पैशांच्या अडचणीपायी फँटॅस्टिक फोरच्या इमारतीत नोकरी मागायला जातो आणि इथे पगारच नसतो हे कळल्यावर परततो. एवढ्याशा भेटीतून दोन कथा एका शहरात राहायला आल्या. त्यानंतर शेकडो लेखक-चित्रकारांनी एकमेकांनी लिहिलेलं खरं मानलं. डग्लस वोक या अमेरिकन समीक्षकाने १९६१ पासूनचे मार्व्हलचे २७,००० हून अधिक अंक वाचून २०२१ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं, ते या सगळ्याला एकच अखंड कथा मानून. तेव्हा पहिला सिनेमा चालला नाही की सगळं नव्याने, ही सवय हैदराबादने लावून घेऊ नये. फसलेला भागही खरा मानावा. त्यातूनच एखादा क्लेअरमाँट वीस वर्षांनी काहीतरी काढेल.

आणि मराठी वाचकांकडे एक मागणं. इंद्रजालचे मराठी अंक आज घराघरांतून रद्दीत जात आहेत, कारण ती पोरांची पुस्तकं म्हणून कुणी ती जपण्याजोगी मानली नाहीत. तुमच्या माळ्यावर, ट्रंकेत, आजोळच्या फडताळात जे काही असेल ते बाहेर काढा. सुटे असतील, फाटके असतील, मधलेच चार असतील, तरी चालतील. अंकाचा क्रमांक आणि तारीख लिहून ठेवा, आणि तुम्हाला नको असतील तर जवळच्या मराठी ग्रंथालयाला द्या. हैदराबादेत इसामिया बाजारात मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. ग्रंथालयांनीही ते नाकारू नयेत, आणि शक्य तिथे एका जागी ओळीने लावून ठेवावेत.